लहान संगणकास द्यावयाच्या आज्ञा
(राहनाळ, ता. भिवंडी येथील भाषण)



२०१२ साली ब्रिटनमध्ये निघालेला 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक टंकलिखित आज्ञाही पाळतो. 'पीडब्ल्यूडी' म्हणताच आपणांस बांधकाम खाते आठवेल. येथे ती आज्ञा आपण कोणत्या कप्प्यात आहोत एवढेच सांगते. 'एलएस' त्यातील नोंदी दाखविते, 'सीडी'ने कप्पा बदलतो.

परंतु प्रथम शिकावी ती 'सुडो पॉवरऑफ'. सारे दप्तर बहुधा एका लहानशा कार्डावर असते. लेखन चालू असता वीज तोडल्यास ते बिघडू शकते. म्हणून ही आज्ञा द्यावी, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू द्यावा, मगच बटण बंद करावे. शाळा सुटताच मुख्य बटण खाली ओढण्याची आपली रीत येथे चालणार नाही. शिपायासही हे सांगून ठेवावे.