सुजलेला पाय आणि नवा गुडघा

1898 साली व्हिएन्ना येथे एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील व्यापक शस्त्रक्रियेस आरंभ केला. तीबरोबर ओटीपोटातील लसीकाग्रंथीही काढल्या जात. अनेकींचे प्राण वाचले. परंतु वाट तुटलेली लसीका काहींच्या पायांत साचून राहिली आणि सूज जन्माची सोबतीण झाली.

उतारवयात अशा स्त्रीचा गुडघा झिजला म्हणजे पेच पडतो. कृत्रिम सांधा बसवावा, तर सूज वाढण्याचे भय. शिवाय अशा पायास जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि तो सांध्यापर्यंत पोहोचल्यास बसविलेला सांधा काढण्याचाही प्रसंग येतो. न बसवावा, तर चालणे खुंटते. आणि चालण्याने वर सरकणारी लसीका अधिकच तुंबते.

केवळ सुजेमुळे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. मात्र पूर्वतयारी कसोशीने व्हावयास हवी. दाबपट्ट्यांनी सूज उतरवावी, त्वचेच्या भेगा व बोटांमधील चिखल्या बऱ्या कराव्यात, पूर्वीच्या संसर्गाची हकीकत शल्यविशारदास सांगावी, शस्त्रक्रियेनंतर पट्ट्या कोण व केव्हा बांधणार हे आधीच ठरवावे. वेदना सोसण्याजोगी असेल, तर थांबण्यातही शहाणपण आहे.

झिजलेला सांधा क्ष-किरणचित्रात दिसतो. पायाचा स्वभाव मात्र ती स्त्रीच जाणते. तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निर्णय होऊ नये.