गोळी वाढवते की आजार?

माझ्या बाबांना पॉलिसिस्टिक किडनी आहे, म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी. आजीलाही होत्या. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के. त्यामुळे बाबांचं क्रिएटिनिन १.६ वरून २ झालं, तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला.

किडनीच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "नवीन गोळी कुठली?" ट्रायग्लिसराइडसाठी फेनोफायब्रेट सुरू झाली होती. तिने क्रिएटिनिन वाढू शकतं, बंद केली की बहुतेकदा खाली येतं. बाबांचंही आलं.

मग बाबा म्हणाले, "स्टॅटिनपण नको आता." तिथे डॉक्टर अडले. किडनीच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका जास्त. २०११ साली आलेल्या शार्प चाचणीत सुमारे ९,००० किडनीरुग्ण होते. सिम्व्हास्टॅटिन आणि इझेटिमाइबने त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे १७ टक्क्यांनी कमी झाले. किडनी बिघडायची थांबली नाही, पण या गोळ्यांनी जास्त बिघडलीही नाही.

रोसुव्हास्टॅटिनचा डोस मात्र किडनी बघूनच ठरतो. आणि अंग खूप दुखून लघवी गडद, कोलासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एवढंच करा: सगळ्या गोळ्यांची यादी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. बाबांची आता माझ्या फोनमध्ये असते.