वर्ष उलटले की दार बंद

वकिलांच्या या मेळाव्यात अध्यक्षाने वर्षभराच्या घडामोडींचा आढावा घ्यायचा असतो. तो छापील अहवालात आहे, सवडीने वाचावा. या खुर्चीवरच्या माणसाला कित्येक वर्षे एकाच गोष्टीवर बोलायचे होते: मानवी हक्क संरक्षण अधिनियम, 1993, कलम 36, पोटकलम 2.

हक्कभंगाला एक वर्ष उलटले की राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाला चौकशी करता येत नाही, एवढेच ते पोटकलम सांगते. अपिलाला उशीर झाला तर मुदत अधिनियमाच्या कलम 5 खाली माफी मागता येते. या पोटकलमात तशी सोयच नाही.

सकाळच्या सत्रात वाद रंगला तो शिफारशींवर. आयोगाची शिफारस सरकारला बांधते की तो नुसता सल्ला? एका बाजूने अलाहाबाद उच्च न्यायालयाचा 2016 चा निकाल पुढे आला. मुख्य न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाचे म्हणणे असे, की शिफारस पटत नसेल तर सरकारने तिला आव्हान द्यावे, पण ती बासनात गुंडाळता येणार नाही. मद्रासच्या पूर्णपीठाने 5 फेब्रुवारी 2021 रोजी तर ती बंधनकारकच ठरवली. दुसऱ्या बाजूने, ती नुसता सल्ला आहे हे दाखवायला, त्याच अधिनियमाचे कलम 18 ठासून वाचले गेले.

वाद मोलाचा आहे. पण शिफारशीआधी चौकशी लागते आणि चौकशीआधी तारीख आडवी येते.

मूर्तिजापूर तालुक्यातली एक शेतमजूर बाई अकोल्याच्या कोर्टात या अध्यक्षाच्या टेबलापाशी आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, नवऱ्याच्या हाताचा एक्स-रे आणि घडीवर फाटलेली तक्रारीची पोच. नवऱ्याला एका ठाण्यात मारहाण झाली होती. इतके दिवस काय केले, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सायेब म्हनले, चौकशी होऊ द्या, मंग पाहू. मी वाट पायली.” पोचेवरची तारीख सव्वा वर्षापूर्वीची होती.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनीच तिला थांबवले. थांबल्याची शिक्षा मात्र तिला. शिफारस बंधनकारक असली काय आणि नसली काय, त्या बाईला काय फरक पडला?

या पोटकलमाचे दोन अर्थ सर्वोच्च न्यायालयानेच आपल्यापुढे ठेवले आहेत. पंजाबात पोलिसांनी बेवारस म्हणून जाळलेल्या मृतदेहांच्या परमजित कौर प्रकरणात न्यायालयाने 1998 साली सांगितले, की न्यायालयाने सोपवलेल्या कामात आयोगाला वर्षाचे बंधन नाही. पुढे एन. सी. धौंडियाल प्रकरणात, 2004 च्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’मध्ये छापलेल्या निकालात, तेच न्यायालय म्हणाले, की बेकायदा स्थानबद्धता सुटकेबरोबर संपते, ती चालू राहणारी आगळीक मानून आयोगाला मुदत ओलांडता येणार नाही. थोडक्यात, दिल्लीने प्रकरण दिले तर आयोगाचे हात मोकळे, मूर्तिजापूरहून आले तर बांधलेले.

मग कोर्टातच जा, असे तरुण मित्र म्हणतील. अकोल्याचेच पाहा. मे 2023 च्या दंगलीत एक अल्पवयीन मुलगा जखमी झाला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही, नागपूर खंडपीठाने याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने 11 सप्टेंबर 2025 रोजी विशेष तपास पथकाचा आदेश दिला, तेव्हा सव्वादोन वर्षे उलटून गेली होती. पथकात हिंदू आणि मुस्लिम असे दोन्ही अधिकारी घेण्याच्या मुद्द्यावर पुढे फेरविचारात आदेश देणाऱ्या त्याच दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. कोर्टाचा रस्ता हा असा आहे. त्याच्या शेवटी पोचून मग आयोगाकडे वळावे, तर तिथली मुदत केव्हाच संपलेली असते.

संसदेने 2019 साली या अधिनियमात दुरुस्ती केली. आयोगाच्या अध्यक्ष-सदस्यांची मुदत पाचावरून तीन वर्षांवर आणली. तक्रारदाराच्या मुदतीला हात लावला नाही.

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाचही जिल्ह्यांतली अशी मुदतीत अडकलेली प्रकरणे गोळा करून खासदारांपुढे ठेवावीत, असा या अध्यक्षाचा मानस आहे. समिती कोणाची, खर्च कोणाचा, हे कार्यकारिणीने ठरवावे.

तोवर एवढे करा. ठाण्यातल्या मारहाणीचा पक्षकार आला की वकीलपत्रावर सही घेण्याआधी घटनेची तारीख विचारा. आयोगाकडे तक्रारीला फी लागत नाही आणि ती टपालाने जाते. ठाण्याच्या चौकशीची वाट न पाहता ती त्याच आठवड्यात मुंबईला राज्य आयोगाकडे धाडा.