बुद्धीचे माप कोणाच्या घरचे?

(पालकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



मानसशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी वकिली करणारा मनुष्य आहे. परंतु शास्त्राच्या नावाने एखाद्या मुलाविषयी निवाडा दिला जातो, तेव्हा तो कोणत्या पुराव्यावर दिला हे विचारण्याचा अधिकार त्या मुलाच्या आईबापांना आहे. पुष्कळांना तो असल्याची जाणीवच नसते. म्हणून आज अमेरिकेतील एका खटल्याची हकिकत आपणापुढे ठेवीत आहे.

बुद्धिमापनाचा प्रारंभ सद्धेतूने झाला. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली सिमाँ यांच्या साहाय्याने एक कसोटी तयार केली, ती शाळेत कोणत्या मुलांकडे अधिक लक्ष पुरवावे लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व कधीही न वाढणारी वस्तू आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. पण कसोटी अमेरिकेत गेली आणि तिचा हेतू पालटला. पहिल्या महायुद्धात तेथे सैन्यात भरती झालेल्या सुमारे साडेसतरा लाख लोकांची परीक्षा घेण्यात आली. प्रश्न कसले? क्रिस्को ही वस्तू औषध आहे की खाद्यपदार्थ? क्रिस्टी मॅथ्यूसन हा लेखक की बेसबॉलचा खेळाडू? इटलीच्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या मजुराला हे ठाऊक नसावे, यात त्याच्या बुद्धीचा काय दोष? तरीही कार्ल ब्रिगॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली ग्रंथ लिहून दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी असल्याचे प्रतिपादन केले. अमेरिकेत वीस वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या परदेशीयांचे गुण तेथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीचे होते, हे त्याच्याच आकड्यांत दिसत होते. सहवासाने प्रश्न समजू लागले, एवढाच त्याचा सरळ अर्थ. ब्रिगॅमने अर्थ काढला तो असा की, पूर्वी येणारे लोक चांगल्या वंशाचे होते! १९३० साली त्याने स्वतःच हे निष्कर्ष निराधार ठरविले. परंतु दरम्यान, १९२४ साली, त्या देशांतील लोकांच्या प्रवेशावर कडक मर्यादा घालणारा कायदा होऊन गेला होता.

आता खटल्याकडे येतो. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्को येथील सहा कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. मुलांची नावे उघड होऊ नयेत म्हणून दाव्याला ‘लॅरी पी.’ असे नाव मिळाले. या मुलांना बुद्धिमापन कसोटीच्या आधारे ‘शिक्षणक्षम मतिमंद’ म्हणून वेगळ्या वर्गांत बसविले होते. त्या वर्गांत शालेय विषयांचे शिक्षण फारसे मिळत नसे. आणि एकदा आत गेलेले मूल सामान्य वर्गात परतणे कठीण. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी या मुलांची त्यांच्या परिचयाच्या भाषेत व आपुलकीने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा सर्वांचे गुण त्या मर्यादेच्या वर गेले. कॅलिफोर्निया राज्यातील शाळांत १९६८-६९ साली कृष्णवर्णीय मुले शेकडा ९ होती. मतिमंदांच्या वर्गांत ती शेकडा २७ होती.

एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांच्यावर हा दावा होता ते राज्याचे शिक्षणप्रमुख विल्सन राइल्स स्वतः कृष्णवर्णीय होते. अन्याय होण्यासाठी दुष्ट अधिकारीच लागतो असे नाही. छापील प्रश्नपत्रिका, निष्पाप दिसणारी बेरीज आणि एक शिक्का एवढी सामग्री पुरते.

न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी दीर्घ साक्षीपुरावा घेऊन १९७९ साली निकाल दिला. त्यातील एक मुद्दा मला सर्वात मोलाचा वाटतो. १९३७ साली स्टॅनफर्ड-बिने कसोटी सुधारताना मुलगे व मुली यांच्या गुणांत तफावत पाडणारे प्रश्न गाळून दोहोंची सरासरी जुळविण्यात आली होती. मुलगे व मुली बुद्धीने समान आहेत, असे आधीच गृहीत धरले होते. म्हणून तफावत दिसताच दोष कसोटीचा मानला गेला. वर्णाच्या बाबतीत तीच तफावत दिसली तेव्हा मात्र दोष मुलांचा! शिवाय ती कसोटी आणि १९४९ ची वेक्स्लर यांची मुलांसाठीची कसोटी, या दोन्ही केवळ गोऱ्या मुलांवर प्रमाणित केलेल्या होत्या. आमच्या व्यवसायात याला पुराव्याचा भार चुकीच्या पक्षावर टाकणे म्हणतात. कसोटी त्या मुलांना लागू पडते हे सिद्ध करण्याची जबाबदारी राज्याची होती, आणि ती राज्याला पार पाडता आली नाही. १९८४ साली अपील न्यायालयाने हेतुपुरस्सर भेदभावाचा निष्कर्ष रद्द केला. कायद्याचा भंग झाल्याचा निष्कर्ष मात्र कायम ठेवला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८० साली शिकागो येथे न्यायमूर्ती ग्रेडी यांनी अशाच दाव्यात उलट निकाल दिला. त्यांनी एकेक प्रश्न स्वतः वाचून पाहिला. वेक्स्लर कसोटीत त्यांना आठ व स्टॅनफर्ड-बिने कसोटीत एकच प्रश्न पक्षपाती वाटला. माणिक रत्नाचा रंग कोणता, हा त्यांपैकी एक. न्यायमूर्तींच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण ज्याला सर्व उत्तरे येतात त्याने खुर्चीत बसून प्रश्न अवघड का वाटतो हे ठरवावे, ही पद्धत मला पटत नाही. पेकहॅम यांच्या हुकुमाचीही पुढे अडचण झाली. १९८६ साली बंदी इतकी व्यापक झाली की, आपल्या मुलांची ही परीक्षा व्हावी अशी इच्छा असलेल्या कृष्णवर्णीय पालकांनाच न्यायालयात जावे लागले. १९९२ साली त्याच न्यायमूर्तींनी तो वाढीव हुकूम रद्द केला.

हा दोष केवळ कसोट्यांचा नाही, संशोधनाचाही आहे. मानसशास्त्राच्या सहा प्रमुख अमेरिकन नियतकालिकांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत आढळले की, प्रयोगांत भाग घेणारे शेकडा ९६ लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होते. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा शेकडा १२ असल्याचे हेन्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले. त्यांतही पुष्कळसे महाविद्यालयातील विद्यार्थी. त्यांच्यावरून काढलेल्या सिद्धांताला ‘मानवाचे मन’ असे नाव देतात. कोर्टात एका गल्लीतील साक्षीदार आणून साऱ्या गावाविषयी शाबिती मागितली, तर न्यायाधीश हसतील.

आपल्या देशातला एक प्रयोग सांगून थांबतो. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना भुलभुलैयाची कोडी सोडविण्यास दिली. ३२१ मुले उच्च समजल्या जाणाऱ्या जातींची, ३२१ खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची. तो शोधनिबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. जातीचा उच्चार झाला नाही तेथे दोन्हींच्या कामात फरक आढळला नाही. जेथे सर्वांसमक्ष प्रत्येकाचे नाव, बापाचे व आज्याचे नाव आणि जात वाचून दाखविली, तेथे खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांनी सोडविलेल्या कोड्यांची संख्या स्पष्टपणे घटली.

ज्यांच्या मुलामुलींना शाळेने ‘मंदबुद्धी’ असा लेखी शेरा दिला असेल, त्यांनी सभेनंतर तो कागद घेऊन माझ्याकडे यावे. कसोटी कोणती, ती कोणत्या भाषेत घेतली, आणि कोणत्या मुलांवर प्रमाणित केलेली होती, हे विचारणारा अर्ज आपण येथेच लिहून काढू.