उरेल तसा चहा

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आत्ताच आपला दुपारचा चहा झाला आहे. तेव्हा चहापासूनच सुरुवात करते. काहीजणींना वाटेल, हिंसा, जमीन, रेशन असे प्रश्न समोर असताना ही बाई चहावर काय बोलत बसली आहे? पण थोडं ऐकून घ्या. हे सगळे प्रश्न त्या चहाच्या पातेल्यात येऊन पडतात असा माझा अनुभव आहे.

नव्या गावात बैठकीला गेले की ओळख करून घेताना मी नाव-गाव विचारते, आणि मग विचारते, "तुम्हाला चहा कसा आवडतो?" प्रश्न सोपा आहे. लाजण्यासारखं किंवा घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण उत्तरं ऐकण्यासारखी असतात. "आमच्याकडं कडक लागतो." आमच्याकडं म्हणजे कुणाला? "मालकांना." सासूबाईंना आलं ठेचून घातलेला, दिराला साखर कमी, मुलाला दूध जास्त, सासऱ्यांना बशीत ओतून, पण वाफ निघायला हवी. सगळ्यांचं तोंडपाठ असतं. "आणि तुम्हाला स्वतःला?" या प्रश्नावर मात्र पदर तोंडाला जातो. एका बाईनं खूप वेळ विचार केला आणि म्हणाली, "मला काय, उरंल तसा."

उरेल तसा म्हणजे कसा, हे आपल्याला सांगायला नको. सगळ्यांना देऊन झाल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेला अर्धा कप. तोही कामं उरकेपर्यंत गार झालेला. मधेच कुणी आलं तर तोही त्यांच्या कपात जातो, आणि मग उरलेल्या चोथ्यावर पाणी घालून पुन्हा उकळायचं. दूध संपलेलं असतं, साखर टाकली तर टाकली.

आपण म्हणतो, आवडनिवड ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. कुणाला गोड आवडतो, कुणाला अगोड. पण नीट पाहिलं तर आवड असणं वेगळं आणि ती चालणं वेगळं. घरातल्या पुरुषाची आवड चालते, कारण ती लक्षात ठेवायला, तिच्यासाठी उठायला, आलं ठेचायला, पुन्हा आधण ठेवायला दुसरं माणूस हजर असतं. बाईची आवड लक्षात ठेवायला कुणी नसतं. हळूहळू ती स्वतःही विसरते. पाच माणसांचे पाच प्रकार डोक्यात ठेवणं हेही काम आहे, पण ते आपण कामात धरत नाही.

सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारलं, कालचा दिवस कशात गेला? घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात गेली होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांची ९७ मिनिटं. आणि तीही फक्त जे काम करत होते त्यांची. असे पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१.

आता साखरेकडे येते. साखर महाग असते, मोजून आणलेली असते. मग ती कुणाच्या कपात किती पडते? पाहुणे आले की डबा उघडतो. पुरुषांच्या चहात साखर, बायकांच्या चहात गुळाचा खडा, अशी घरं अनेकींनी पाहिली असतील. गूळ वाईट म्हणून मी हे सांगत नाही. गुळाचा चहा मला स्वतःला आवडतो. पण आवडतो म्हणून पिणं आणि साखर पुरत नाही म्हणून पिणं यात फरक आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. घरातल्या पुरुषाला मधुमेह झाला की सगळ्या घराचा चहा अगोड होतो, निदान त्याचं छोटं पातेलं वेगळं चढतं. बाईला मधुमेह झाला की काय होतं? ती सगळ्यांचा गोड चहाच पिते. विचारलं तर म्हणते, "एकटीसाठी कुठं दुसरं आधण ठेवायचं? गॅस काय फुकट येतो?" डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य तिला कळत नाही असं नाही. पण त्या पथ्यासाठी घरातलं एक पातेलं, दहा मिनिटं आणि थोडा गॅस स्वतःवर खर्च करायचा, हे तिला पटत नाही. बिनसाखरेचा एक कप हासुद्धा हक्काचा प्रश्न होतो तो इथे.

आणखी एक. आपल्यातल्या कितीतरी जणी चहावर दिवस काढतात. सकाळी चहा, मग डबे, मग शेत किंवा कामाची घरं, मधे पुन्हा चहा. गोड चहानं भूक मरते, थोडी तरतरी येते आणि जेवण दोन-अडीचपर्यंत ढकलता येतं. हा चहा आवडीचा म्हणायचा की भुकेचा? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तपांढरी असल्याचं आढळलं. याचं कारण चहा असं मी म्हणत नाही. कारण पोटभर आणि चांगलं न मिळणं हेच आहे. पण जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घेतलेल्या चहामुळे भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला अडथळा येतो, हे खरं आहे. चहा सोडा असं सांगणार नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा आणि चहाच्या जागी जेवण ढकलू नका, एवढंच.

आता जे सांगणार आहे ते जड आहे, पण ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. डिसेंबर २०१३ मधली पंढरपूरची घटना. एक बाई सकाळी नवऱ्यासाठी चहा न करता घराबाहेर निघाली. तो तिच्यावर संशय घ्यायचा, त्यावरून भांडणं व्हायची. त्यानं तिच्या डोक्यात हातोडा घातला. सहा वर्षांची मुलगी घरात होती, तिनं पाहिलं. त्यानंतर त्यानं रक्त पुसलं, बायकोला अंघोळ घातली आणि मग दवाखान्यात नेलं. मोलाचा तासभर गेला. काही दिवसांनी ती वारली. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, तेव्हा अपिलात त्याच्या बाजूनं म्हणणं मांडलं गेलं की, चहा करायला नकार देऊन बायकोनंच त्याला भडकवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी हे म्हणणं साफ फेटाळलं. बायको ही नवऱ्याच्या मालकीची वस्तू नव्हे आणि घरची सगळी कामं तिनंच करायची ही अपेक्षा विषमतेतून येते, असं निकालात नोंदवलं. दहा वर्षांची शिक्षा कायम राहिली.

निकाल आपल्या बाजूचा आहे. पण मला सतावतं ते वेगळंच. एक कप चहा न करणं हे चिथावणीचं कारण म्हणून कोर्टात मांडता येतं, कारण मांडणाऱ्याला वाटतं की ऐकणाऱ्यालाही ते पटेल. "नुसता चहा तर मागितला होता" हे वाक्य आपण किती बैठकांत, किती समझोत्यांत ऐकलं आहे! नुसता चहा असेल तर तो स्वतः का करून घेता येत नाही? करता येतो. पण तो तिनं करायचा, म्हणेल तेव्हा करायचा आणि म्हणेल तसा करायचा, यात त्याचं मालकपण आहे. चहा हे निमित्त आहे.

इथवर आपण घरात मागे राहणाऱ्या बाईबद्दल बोललो. पण आपणही कुणाला तरी मागे ठेवतो. घरकाम करणाऱ्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत, त्यांना विचारा. त्यांचा कप वेगळा असतो. कान तुटलेला, खिडकीत किंवा मोरीपाशी ठेवलेला. गावाकडे दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवायची रीत होती, आणि ज्याची त्यानं विसळून ठेवायची. ती रीत शहरात फ्लॅटमध्ये 'स्वच्छते'चं नाव घेऊन राहिली आहे. तो कप ठेवणारी बाईच असते. आपल्याच घरी हे असेल तर आधी तो कप टाकून द्यायचा आणि मग शिबिराला यायचं.

शेवटी साखरेच्या वाटीबद्दल. चहात काय घालायचं हा प्रश्न बायकांनी राजकारणाचा केला, अशी एक जुनी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये चहात पडणारी साखर वेस्ट इंडीज बेटांवरून यायची. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांकडून तिथला ऊस पिकवून घेतला जाई. १७९१ साली विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढलं आणि ही साखर खाऊ नका असं आवाहन केलं. घरात काय आणायचं ते बायका ठरवत, त्यामुळे हा बहिष्कार मुख्यतः त्यांनी चालवला. कुणी बिनसाखरेचा चहा घेतला, कुणी हिंदुस्थानातून आलेली साखर वापरली. ही साखर गुलामांनी बनवलेली नाही, अशी अक्षरं असलेल्या साखरेच्या वाट्याही पुढे मिळू लागल्या. १८२० नंतर लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक यांनी घरोघर फिरून ही चळवळ पुन्हा उभी केली. पुरुष पुढारी म्हणत होते, गुलामी हळूहळू बंद करू. हेरिक यांनी १८२४ साली पत्रक लिहून सांगितलं, हळूहळू नाही, ताबडतोब. बायकांच्या मंडळांनी तीच मागणी लावून धरली आणि १८३० साली मुख्य संस्थेला आपल्या नावातला 'हळूहळू' हा शब्द गाळावा लागला. तेव्हा यांतल्या एकीलाही मत नव्हतं.

ज्या हिंदुस्थानच्या साखरेवर त्या बायकांनी विसंबून चहा घेतला, त्या आपल्या साखरेचं आज काय आहे? आपल्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते, ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. बाई पहाटे उठून चूल पेटवते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. कामाचा खाडा पडला तर दंड. मग पाळी हीसुद्धा अडचण ठरते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पाहणी केली. ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढून टाकलेलं आढळलं. आपल्या कपातला गोडवा कुठून येतो, ते या आकड्यांवरून कळतं.

मी साखर सोडा म्हणणार नाही. आपण साखर सोडली तर पहिली कुऱ्हाड त्याच बाईच्या मजुरीवर पडेल. पण तिची नोंद तिच्या नावानं व्हावी, मजुरी तिच्या हातात पडावी, फडाजवळ संडास आणि पाणी असावं, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांत दंड होऊ नये, या मागण्या करणाऱ्यांच्या मागे आपण उभं राहू शकतो. त्या फक्त बीडच्या नाहीत, साखर खाणाऱ्या प्रत्येकीच्या आहेत.

आता आपण काय करायचं? घरी गेल्यावर एकदम बंड करा असं मी सांगत नाही. ज्यांच्या घरी एवढ्यावरून हात उगारला जातो त्यांनी तर एकटीनं धाडस करूच नये. आधी गटात बोला, आम्हाला कळवा. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी आठ दिवस एवढंच करून पाहा. आपला कप आधी ओतून घ्यायचा, आपल्याला हवा तसा करायचा आणि बसून, गरम असताना प्यायचा. काय झालं, कोण काय बोललं, तुम्हाला काय वाटलं, ते पुढच्या बैठकीत सांगायचं. मुलांना, आणि मुलगे धरून म्हणते, चहा करायला आणि भांडी विसळायला शिकवायचं.

'उरंल तसा' म्हणणारी ती बाई मला वर्षभरानं पुन्हा भेटली. मी मुद्दाम तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "साखर कमी, आलं जास्त. पण ताई, हे कळायला मला चार-सहा वेळा करून बघावा लागला. आधी माहीतच नव्हतं."

संध्याकाळच्या चहाची पाळी फळ्यावर लिहिली आहे. आज आपल्याबरोबर आलेले भाऊ चहा करणार आहेत. प्रत्येकीनं त्यांना आपल्याला कसा हवा ते सांगावं. "कसाही चालेल" हे उत्तर आज घेतलं जाणार नाही.