कुत्र्यांची झुंज आणि मालकांचा कज्जा

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा हें जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेथील लखुजी जाधवरावांच्या घराण्यावर ओढवलेला एक दुःखद प्रसंग परमानंद कवीनें ‘शिवभारत’ ग्रंथांत वर्णिला आहे. निजामशाही दरबार आटोपून सरदार मंडळी बाहेर पडत असतां खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला व माणसें तुडवूं लागला. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्या हत्तीवर चालून गेले. विठोजी भोसल्यांचे पुत्र हत्तीच्या बचावास धांवले. हत्ती बाजूसच राहिला आणि तरवारी एकमेकांवर चालल्या. दत्ताजी पडले, त्यांच्या सुडासाठीं लखुजींच्या हातून संभाजी भोसले पडले. सोयरीक झालेल्या दोन घराण्यांत वैर आलें. हत्तीचा मद घटकेंत उतरला असता. पण माणसांनीं तो आपल्या मानाचा प्रश्न केला.

आतां हत्ती बाळगणारे सरदार उरले नाहींत. कुत्रा बाळगणारीं घरें मात्र खेड्यांत व शहरांत पुष्कळ आहेत. एकाचा कुत्रा दुसऱ्याच्या कुत्र्यास चावतो आणि दोन शेजारी वैरी होतात. ऑगस्ट २०२३ मध्यें इंदूर शहरांत कुत्रे फिरवतांना झालेल्या अशाच भांडणांतून एका बँकेच्या पहारेकऱ्यानें आपल्या घरावरून बंदूक झाडली. दोन माणसें ठार झालीं, कित्येक जखमी झालीं. अशा प्रसंगीं कायदा काय देतो व काय देत नाहीं, हें मालकांनीं आधींच समजून घेतलें तर पुष्कळशीं भांडणें ओसरीवरच मिटतील.

आपला कुत्रा रक्तबंबाळ झालेला पाहून मालकाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘पोलिसांत जातों’ हा. परंतु फौजदारी कायद्याची दृष्टि मुख्यतः माणसावर आहे. १८६० सालच्या दंडसंहितेचें कलम २८९ व तिच्या जागीं १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेचें कलम २९१ हीं दोन्ही जनावराच्या बंदोबस्तांत हयगय करणाऱ्यास शिक्षा सांगतात. आतांची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी आहे. पण त्या हयगयीमुळें मनुष्याच्या जिवास किंवा त्यास जबर दुखापत होण्याचा संभव असला पाहिजे. कुत्र्यानें कुत्र्यास चावा घेतला, एवढ्यावर हें कलम सहसा लागत नाहीं. कुत्रा अंगावर धांवून आला, सोडवावयास गेलेल्या मुलास त्यानें लोळविलें, असें कांहीं असेल तर गोष्ट वेगळी.

मुंबई उच्च न्यायालयापुढें डिसेंबर २०२२ मध्यें निकालास लागलेलें एक प्रकरण येथें बोधप्रद आहे. एप्रिल २०२० मध्यें घरोघर जेवण पोंचविणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलीखालीं कुत्रा मेला. माणसाच्या जिवास धोका आणण्याचीं कलमें लावून पोलिसांनीं त्याच्यावर गुन्हा नोंदविला. न्यायालयानें तो रद्द केला व विद्यार्थ्यास वीस हजार रुपये देण्याचा हुकूम सरकारास केला. मालक कुत्र्यास लेकराप्रमाणें मानीत असला, तरी तीं कलमें मनुष्यासाठींच आहेत, असा त्या निकालाचा आशय होता.

याउलट एक कलम असें आहे कीं, त्यांत रागावलेला मालकच अडकतो. न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणें कोणतेंही जनावर मारणें, त्यास विष घालणें, लुळेंपांगळें किंवा निरुपयोगी करणें या आगळिकीस पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. आगळीक म्हणजे हेतूनें किंवा परिणाम जाणून केलेलें नुकसान. ज्याचा कुत्रा दुसऱ्याच्या कुत्र्यास चावला त्याचा तसा हेतु सहसा नसतो. परंतु दुसऱ्या दिवशीं सुडानें भाकरींत विष कालवून टाकणाऱ्याचा असतोच. पहिल्या दिवशींचा पीडित अशा रीतीनें दुसऱ्या दिवशीं आरोपी होऊन बसतो.

राहिला दिवाणी मार्ग. वऱ्हाडांतील शेतकऱ्यास कोंडवाडा चांगला परिचयाचा. दुसऱ्याच्या कपाशींत बैल शिरला तर काय करावें, यासाठीं १८७१ सालीं गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. त्यांतील गुरांच्या व्याख्येंत हत्ती, उंट, गाढवें, डुकरें, शेळ्या, मेंढ्या आहेत, कुत्रा नाहीं. त्यामुळें कुत्र्याच्या बाबतींत ठरीव दर नाहीं. येथें मालकाची हयगय, किंवा कुत्रा चावरा आहे हें त्यास आधीं ठाऊक होतें, ही गोष्ट सिद्ध करून भरपाई मागावी लागते.

समजा, खामगांवांतील एका गृहस्थाचा कुत्रा उघड्या फाटकांतून सुटला आणि साखळीनें फिरविल्या जाणाऱ्या शेजाऱ्याच्या कुत्र्यास त्यानें फाडलें. येथें हयगय उघड आहे. दोन्ही कुत्रे मोकळे असतील तर दोष वांटला जाईल. जखमी कुत्राच दुसऱ्याच्या अंगणांत शिरला असेल तर दावा लंगडा पडेल. दावा मुख्यतः औषधोपचाराच्या खर्चाचा, आणि कुत्रा मेल्यास त्याच्या किमतीचा. कारण कायद्याच्या दृष्टीनें कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे. दहा वर्षें दारांत राखण केलेल्या गांवठी कुत्र्याची बाजारांत किंमत काय येणार? घरांतील मुलांच्या अश्रूंचा हिशेब कोर्टाच्या कागदांवर मांडतां येत नाहीं. दाव्यास मुदत तीन वर्षांची आहे; पण वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे जमेस धरले तर जिंकलेला दावाही पुष्कळदां तोट्यांत जातो.

म्हणून चावा होतांच प्रथम काळजी घ्यावी ती रोगाची. झुंजणाऱ्या कुत्र्यांच्या मध्यें हात घालूं नये. सोडवितांना माणसास दांत लागल्यास ती जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. पिसाळरोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस सहसा वांचत नाहीं. जखमी कुत्र्यास जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावें. चावणाऱ्या कुत्र्यास मारूं नये, दहा दिवस बांधून त्याजवर नजर ठेवावी. डॉक्टरचा दाखला, पावत्या, जखमेचीं छायाचित्रें व पाहणाऱ्यांचीं नांवें जपून ठेवावींत. तीं तडजोडीच्या बैठकींतही तितकींच उपयोगीं पडतात.

ज्याचा कुत्रा चावला त्यानें मागणीची वाट पाहूं नये. लशीचा दाखला घेऊन आपण होऊन शेजाऱ्याच्या दारीं जावें आणि उपचाराचा खर्च उचलावा. यांत कमीपणा कांहींच नाहीं. उग्र कुत्रा मुसक्याविना रस्त्यावर मोकळा सोडूं नये आणि माणसावर किंवा जनावरावर कुत्रा छू करूं नये, असें १९५१ सालचा पोलीस कायदा सांगतो. तर कुत्र्यास सदा साखळीनें जखडून त्यास फिरविण्याची हयगय करणें हा १९६० सालच्या प्राणिक्लेश कायद्यान्वयें गुन्हा आहे. साखळी रस्त्यावर हवी आणि फिरणें रोजचें हवें, असा या दोन कायद्यांचा एकत्र अर्थ आहे.

एवढ्यानेंही मिटलें नाहीं तर तालुक्याच्या लोकअदालतीचें दार आहे. १९८७ सालच्या विधिसेवा कायद्याप्रमाणें तेथील समेटास हुकूमनाम्याचें बळ असतें व त्यावर अपील नाहीं. २०२५ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें, पाळीव जनावरांवरून मारामारी करून एकमेकांवर फिर्यादी गुदरणाऱ्या दोन शेजाऱ्यांचा समेट झालेला पाहून दोन्ही गुन्हे रद्द केले, आणि एका आश्रमांतील मुलांस त्यांनीं मिळून पिझ्झा व ताक वाढावें असें फर्माविलें. त्या पंगतीस हंसूं येईल; पण तिच्यांत शहाणपण आहे. कुत्रे आपली झुंज दुसऱ्या दिवशीं विसरूनही जातील. मालकांस मात्र उद्यांही त्याच गल्लींत, भिंतीला भिंत लावून राहावयाचें असतें.