कल्हईपासून विद्युतघटापर्यंत
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवू नये, हा मराठी घरातील जुना दंडक. ‘कळकेल’ एवढ्या एका क्रियापदात त्याचे सारे कारण येई. शालेय रसायनशास्त्रातील दोन धडे, आम्ल-आम्लारी आणि धातूंची क्रियाशीलता, या एका शब्दात सामावलेले आहेत. आंबट पदार्थातील आम्ल हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने पितळेतील तांबे हळूहळू विरघळविते. तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, चव बिघडते आणि पोटाला अपाय होतो.

त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागराची पूड टाकी. उष्णतेने तिचे विघटन होऊन अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू निघत. यांपैकी दुसरा आम्लधर्मी. तो धातूवरील ऑक्साइडचा थर काढून टाकी. मग २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथिल कापसाच्या बोळ्याने आतून पसरविले जाई. कथिल तांब्याहून काहीसे अधिक क्रियाशील; तथापि अन्नातील सौम्य आम्लांत ते फार सावकाश विरघळते आणि त्याचे क्षार तितके उपद्रवी नसतात.

धातूंच्या निष्कर्षणाचे सूत्रही याच क्रियाशीलतेत आहे. धातू जितका क्रियाशील, तितका तो खनिजात घट्ट बांधलेला आणि तितकाच सोडविण्यास कठीण. सोने निसर्गात मुक्त सापडते. तांबे आणि लोखंड यांच्या ऑक्साइडांचे कोळशाच्या भट्टीत क्षपण होते, म्हणजे कार्बन त्यांचा ऑक्सिजन काढून घेतो. लोखंडासाठी मात्र भट्टी अधिक प्रखर लागते. ॲल्युमिनियम भूकवचातील सर्वांत विपुल धातू. तरीही कोळशाच्या भट्टीला तो दाद देत नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून विद्युत अपघटनाने तो वेगळा करण्याची रीत शोधली. मानवाच्या हाती धातू ज्या क्रमाने आले, तो बहुतांशी क्रियाशीलतेच्या श्रेणीचाच उलटा क्रम आहे.

एवढ्या क्रियाशील धातूचे पातेले टिकते, ते त्यावरील ऑक्साइडच्या पातळ, चिवट पापुद्र्यामुळे. हे ऑक्साइड उभयधर्मी असते. आम्लाशीही त्याची अभिक्रिया होते आणि अल्काशीही. म्हणूनच ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट आमटी मुरत ठेवू नये आणि ते धुण्याच्या सोड्याने घासू नये. हाच गुण कार्ल योझेफ बायर यांनी १८८८ मध्ये उपयोगात आणला. बॉक्साइट दाहक सोड्याच्या तप्त द्रावणात घातले, की ॲल्युमिना विरघळते आणि लोहाचे ऑक्साइड तांबड्या चिखलात मागे राहते. बेळगावलगतच्या यमनापूर येथील कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना मिळविले जाते, ते याच तत्त्वावर.

असे असूनही विद्यार्थी पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम ही नामावली मंत्रासारखी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. ‘क्षपण’, ‘उभयधर्मी’ हे शब्द जड वाटतात म्हणून मराठीतून विज्ञान शिकविणेच सोडावे, असा सूर मग उमटतो. वास्तविक त्या शब्दांना घरातील अनुभवाची जोड कोणी दिलेली नसते. स्टेनलेस स्टील आले, कल्हईवाल्याची हाक दुर्मीळ झाली आणि ‘कळकणे’ कोशात जाऊन बसले. महाराष्ट्राबाहेर ज्या मुलांची शाळा अन्य भाषेत आणि मराठी केवळ घरात, त्यांच्यापर्यंत हा शब्द पोहोचविणारी आजी तरी हवी किंवा ग्रंथालय तरी.

यासाठी मोठा खटाटोप नको. वाचनालयाच्या बालविभागात एखाद्या दुपारी पितळेची वाटी, चिंचेचा कोळ, एक लोखंडी खिळा आणि शब्दकोश एवढे मांडावे. चिंचेने वाटी कशी उजळते, ते मुलांनी पाहावे. तो मळ म्हणजे ऑक्साइड आणि चिंच म्हणजे आम्ल, हे त्यांनीच ताडावे. क्रियाशीलतेची श्रेणी त्यानंतर पाठ करावी लागणार नाही.